शोलाईन, वर्किंग लाईन आणि देवगडची बाग: एकाच जातीच्या दोन वह्या कराव्यात का?

मोहोराच्या कैऱ्या झाल्या की देवगड-रत्नागिरीकडे कुत्र्यांची चौकशी वाढते. वानरांच्या टोळ्या कलमांवर उतरू लागतात, रात्रीच्या चोऱ्या सुरू होतात, आणि ज्याला हंगामभर गुरखा ठेवणं परवडत नाही तो राखणीला कुत्रा शोधतो. मग कोल्हापूर, पुणे, मुंबईहून फोनवर फोटो येतात. ‘लॅब, डबल बोन, पंच फेस, शो क्वालिटी, पेपरसहित.’ ‘जर्मन शेफर्ड, डबल कोट, फादर इंपोर्टेड.’ (डबल बोन नावाचं हाड कुठल्याच कुत्र्यात नसतं, पण जाहिरातीत हटकून असतं.) शेजारच्या बागायतदार काकांनी असे फोटो माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, “माका राखणेक कुत्रो व्हयो, मिरवूक नको. ह्यातलो खंयचो?”

काकांचा प्रश्न साधा असला तरी त्याच्या पोटात एक जुना आणि बराच कडू वाद आहे. एकाच जातीची कामाची कुत्री आणि शोची (कुत्र्यांच्या प्रदर्शनात मिरवायची) कुत्री कायमची वेगळी करून टाकावीत का? दोन नावं, दोन नोंदवह्या, एकमेकांत मेटिंग बंद?

आधी लाईन म्हणजे काय ते पाहू. जात एक, नोंदवही एक, पेपरवरचं (वंशाच्या दाखल्यावरचं) नावही एक. पण एका ब्रीडरने पिढ्यानपिढ्या पिल्लं ठेवली ती रिंगमध्ये, म्हणजे शोच्या रिंगणात, जिंकलेल्या आईबापांची, आणि दुसऱ्याने ठेवली ती शेतात, शिकारीत किंवा पोलिसात काम केलेल्यांची. हळूहळू दोघे एकमेकांच्या दारात मेटिंगला जाईनासे झाले. कुत्र्याची पिढी साधारण तीन-चार वर्षांची धरली, तर पन्नास वर्षांत पंधरा पिढ्या सहज उलटतात. तेवढ्यात एकाच घराण्याची दोन घराणी होतात: एक शोलाईन, दुसरी वर्किंग लाईन. कुणी ठरवून केलेलं नसतं. ज्या गुणाची परीक्षा होते तो टिकतो, ज्याची होत नाही तो विरत जातो, एवढाच नियम.

शोमध्ये परीक्षक कुत्र्याला काही मिनिटं पाहतो. दात, हाड, कोट (अंगावरचे केस), डोक्याची ठेवण, चाल. नाक किती चालतं हे त्याला तिथे कळायचा मार्ग नाही, आणि बंदुकीच्या आवाजाला तो कुत्रा शेपूट घालतो का, हेही नाही. म्हणजे बेताचं नाक असलेला देखणा नर चॅम्पियन होतो, शंभर पिल्लांचा बाप होतो, आणि त्याचं बेताचं नाक शंभर घरी जातं. कामाच्या बाजूला याच्या उलट घडतं: डोकं अरुंद आहे की रुंद, शेपूट बारीक की जाड, याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

लॅब्राडॉर आपल्याकडे घरोघरी असतो, म्हणून त्याच्यापासून सुरू करतो. हा मुळात कोळ्यांचा कुत्रा. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर जाळी आणि दोर ओढायला, सुटलेली मासळी बर्फाळ पाण्यातून आणायला त्याचे पूर्वज वापरत. तिथून ते ब्रिटनमध्ये गेले आणि तिथल्या जमीनदारांनी त्यांना बंदुकीने पाडलेले पक्षी उचलून आणायच्या कामाला लावलं. जातींची नोंदवही ठेवणाऱ्या ब्रिटिश केनेल क्लबने १९०३ मध्ये लॅब्राडॉरला जात म्हणून मान्यता दिली. पूर्ण चॅम्पियन व्हायचं तर रिंगसोबत कामाचीही पात्रता दाखवावी लागे. १९५८ मध्ये या शिकारी कुत्र्यांसाठी ‘शो चॅम्पियन’ असा निराळा किताब निघाला, त्याला कामाची अट नव्हती. फूट त्याआधीच पडू लागली होती, किताबाने तिला रीतसर घर बांधून दिलं. आज दोन टोकांचे लॅब शेजारी उभे केले तर एक पिंपासारख्या छातीचा, आखूड पायांचा आणि जाड शेपटीचा, तर दुसरा उंच, सडपातळ, सतत पुढे झेपावणारा. आपल्याकडे विकले जातात ते बहुतेक पहिल्या प्रकारचे.

तरी सगळंच गेलेलं नसतं. आमच्या वाडीतला असाच एक गुबगुबीत लॅब वाऱ्याने पडलेली कैरी तोंडात धरून पडवीवर आणून ठेवतो. कैरी उचलून बघितली तर सालीवर दाताची खूण नसते, त्याच्या मिशांना मात्र देठाचा चीक चिकटलेला असतो. पाडलेला पक्षी न चावता आणायचं जे मऊ तोंड दीडशे वर्षांपूर्वी निवडलं गेलं, ते अजून तिथे आहे. नाहीशी झाली ती ताकद. बागेच्या उतारावर दोनदा वर-खाली केलं की हा पोफळीखाली ओल्या मातीत पोट टेकून बसतो, मग वानर डोक्यावर नाचलं तरी हूं नाही की चूं नाही.

कोकणाला लॅबच्या नाकाची आठवण निराळ्याच कारणाने आहे. १९९३ च्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरलं ते रायगडात, श्रीवर्धनजवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर. त्यानंतर मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ नावाच्या लॅब्राडॉरने ३ हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुंगून काढलं. झंजीरला रिंगमध्ये उभं केलं असतं तर परीक्षकाने त्याचे दात तपासले असते, कोट पाहिला असता आणि पुढच्या कुत्र्याकडे वळला असता.

मग उत्तर सोपं वाटतं: चॅम्पियनला कामाची परीक्षा सक्तीची करा, फूट पडणारच नाही. जर्मन शेफर्डची हकिकत इथे आडवी येते.

१८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्झ या निवृत्त घोडदळ अधिकाऱ्याने मेंढपाळांचा एक कुत्रा विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं, आणि त्याच वर्षी जर्मन शेफर्डची संस्था काढली. संस्थेचा आग्रह पहिल्यापासून उपयोगाचा. आजही जर्मनीत या संस्थेची पैदाशीची पूर्ण शिफारस हवी असेल, तर कुत्र्याच्या कमरेचे आणि कोपराचे एक्स-रे लागतात, २० किलोमीटर धावायची परीक्षा लागते, आणि माग काढणं, आज्ञापालन, संरक्षण अशा तिन्ही अंगांची कामाची पदवी लागते. दिसण्याचा शेरा त्यानंतर येतो. जगात इतक्या कडक अटी फार थोड्या जातींना आहेत. आणि तरीही याच जातीत शोलाईन आणि वर्किंग लाईन इतक्या लांब गेल्या आहेत की पाठीच्या रेषेवरून नवखा माणूससुद्धा त्या ओळखू शकतो.

असं का झालं? काठावर पास झालेला आणि पहिला आलेला, दोघांच्या कागदावर शिक्का सारखाच पडतो. कामात आणखी चांगला असल्याचा शोवाल्याला काही फायदा नाही, रिंगमध्ये एक जागा वर सरकला तर मात्र नराच्या मेटिंगची फी वाढते. परीक्षा ओळखीच्या मैदानावर, ठरलेल्या क्रमाने होते, तिची तयारी करून घेता येते. शिवाय सगळे एकाच जिंकलेल्या नरामागे धावतात. १९२५ मध्ये श्टेफानित्झने स्वतःच जातीची वाढत चाललेली उंची रोखायला क्लोडो नावाचा बुटका, लांबट नर अव्वल ठरवला आणि पैदास त्याच्याकडे वळली. पुढे आजची जर्मन शोलाईन मोठ्या प्रमाणात १९७० च्या आसपासच्या तीन नरांवर उभी राहिली: कँटो, क्वांटो आणि म्युट्झ. तीन बापांवर उभ्या असलेल्या घराण्यात आपसातले संबंध किती जवळचे असतील ते वेगळं सांगायला नको.

याचा परिणाम बघायचा असेल तर आमच्याकडे श्रावणात या. चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून फार उतरत्या पाठीचा जर्मन शेफर्ड खाली येताना त्याच्या मागच्या पायांकडे बघा. टाचेचे सांधे आत वळतात, पंजे बाहेर फाकतात, प्रत्येक पायरीला मागचा भाग झोलपटतो. सपाट रिंगमध्ये तीच ठेवण लांब ढांगेची, तरंगती चाल म्हणून टाळ्या घेते. सगळे शोलाईनवाले असे नसतात, कमरेचा सांधा दोन्ही लाईनमध्ये बिघडतो, हेही खरंच. पण उतारावर आणि निसरड्यावर चालणं ही गोष्ट कुणी तपासतच नाही.

वेगळं व्हायचंच, असं ठणकावून सांगितलं ते बॉर्डर कॉलीवाल्यांनी. ही मेंढ्या वळवणारी कुत्री. त्यांची आंतरराष्ट्रीय मेंढपाळ-कुत्रा संस्था ब्रिटनमध्ये १९०६ मध्ये स्थापन झाली आणि तिला दिसण्याशी काही देणंघेणं नव्हतं: कान उभे असोत की पडलेले, केस आखूड असोत की लांब, मेंढ्या ऐकतात ना, मग झालं. ब्रिटिश केनेल क्लबने १९७६ मध्ये आणि अमेरिकन केनेल क्लबने १९९५ मध्ये ही जात शोसाठी घेतली तेव्हा अमेरिकेतल्या मेंढपाळांनी मोठा विरोध केला. तिथल्या कामवाल्यांच्या, म्हणजे कामाची कुत्री पाळणाऱ्यांच्या, संस्थेचा नियम असा की एखाद्या बॉर्डर कॉलीने शोची चॅम्पियनशिप मिळवली तर तिची नोंद रद्द. रिंगमध्ये गेलात तर आमच्या वहीत नाही.

ऐकायला आडमुठेपणा वाटतो, पण मला त्यात तथ्य दिसतं. त्यांचं काम रोजच्या पोटाचं आहे. मेंढी कुत्र्याला ऐकते किंवा ऐकत नाही, तिथे परीक्षकाची आवडनिवड चालत नाही. आणि त्यांच्या वहीला एक खिडकीही आहे: पेपर नसलेला कुत्रा प्रत्यक्ष काम चोख करून दाखवील तर ब्रिटिश संस्था त्याला गुणांवर नोंदवून घेते. त्यांनी दार लावलंय ते रिंगकडचं, चांगल्या कुत्र्याला आत यायचा रस्ता मोकळा आहे.

हा रस्ता इतका महत्त्वाचा का, ते कळायला थोडं रक्ताचं गणित करू. नोंदवही बंद असते, म्हणजे नोंदलेल्या आईबापांचीच पिल्लं नोंदली जातात. सख्ख्या भावंडांचं मेटिंग केलं तर पिल्लाच्या २५ टक्के जनुक-जागांवर दोन्ही बाजूंनी एकच वारसा यायची शक्यता असते, चुलत-आतेभावंडांत ६.२५ टक्के. बापाकडून आलेला दोष आईकडून आलेल्या चांगल्या प्रतीने झाकला जातो, पण दोन्ही प्रती सारख्याच असल्या की झाकायला काही उरत नाही. कागदावर चार पिढ्यांत समान नाव दिसलं नाही तरी जात लहान असली की मागे कुठेतरी सगळेच भाऊबंद निघतात. आता या वहीची दोन तुकड्यांत वाटणी करा. प्रत्येक तुकड्यात नर कमी, जिंकणारे त्याहून कमी, आणि एकदा हरवलेला गुण परत आणायला शेजारी जायची बंदी.

परत आणणं शक्य असतं. डाल्मेशियन जातीत एक दोष इतका पसरला की शुद्ध जातीत त्याची चांगली प्रतच उरली नव्हती: लघवीत युरिक ॲसिड जास्त जाई आणि अनेकांना खडे होत. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका आनुवंशिकी-तज्ज्ञाने एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी फक्त एकदा संकर केला, आणि पुढची प्रत्येक पिढी परत शुद्ध डाल्मेशियनशी जुळवली, दर वेळी चांगली प्रत असलेलं पिल्लू निवडून. काही पिढ्यांत ठिपके तेच, अंगलट तीच, फक्त दोष गेलेला. तरी अमेरिकन केनेल क्लबने ही कुत्री वहीत घ्यायला २०११ साल उजाडलं. आमच्याकडच्या वाचकाला हे पटकन समजेल, कारण दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंब्यात हेच केलं. हापूसला साका पडतो, म्हणजे आतला गर बिघडतो. नीलम या दुसऱ्या आंब्याशी संकर करून १९८१ मध्ये साका नसलेला ‘रत्ना’ आला, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून पातळ कोयीचा ‘सिंधू’. हापूसच्या कलमांच्या जवळपास नीलमला फिरकू द्यायचं नाही अशी कुणी शपथ घेतली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

कामाची लाईन म्हणजे धुतल्या तांदळासारखी, अशीही एक समजूत असते. तिला दोन उदाहरणं पुरेत. काही लॅब जोरात पळवले की पाच ते वीस मिनिटांत मागचे पाय लुळे पडून कोसळतात. जोरदार कसरत करणाऱ्या शिकारी लॅबमध्ये हा आजार ठळकपणे दिसला आणि २००८ मध्ये त्याचं जनुक सापडलं. उकाड्यात तो जास्त जाणवतो, म्हणजे एप्रिलच्या कोकणात विचारायलाच नको. दुसरं उदाहरण भुकेचं. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅबमध्ये पोट भरल्याची जाणीव अर्धवट ठेवणारा एक जनुक-बदल असतो, आणि त्यांनी तपासलेल्या अपंगांच्या मदतनीस कुत्र्यांमध्ये तो ७६ टक्क्यांत निघाला. खाऊच्या लालचेने जो लवकर शिकतो तो निवडला गेला, आणि त्याच्या मागून लठ्ठपणा आला.

घरात नांदणं हा आणखी निराळा गुण आहे. खरा कामाचा बेल्जियन मॅलिनॉय रोज दोन तास काम मागतो. ते मिळालं नाही तर तो स्वतःच काढतो: चपला, पाइप, शेजाऱ्यांच्या कोंबड्या. गणपतीत चाकरमानी आले, घर भरलं, पोरं अंगणभर धावू लागली की असा कुत्रा साखळीला गळा घासत फिरत राहतो. त्यातून आपल्याकडे ‘वर्किंग लाईन’ म्हणून विकलं जाणारं पिल्लू पुष्कळदा फक्त भित्र्या आईबापांचं असतं. भीतीने चावणारा आणि कामाची ओढ असलेला हे दोन निराळे प्राणी आहेत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातली गत.

या सगळ्यावरून माझं मत असं: वही एकच ठेवावी, पण तिच्यात आजच्यापेक्षा बरंच जास्त लिहावं. आईबापांचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, कुठली कामाची परीक्षा आणि तिच्यातले गुण (पास-नापास नको, गुण), बागेत, पोलिसात की कळपात प्रत्यक्ष काम केलंय का. ‘चॅम्पियन’ हा शब्द नुसत्या रिंगवर देऊ नये. परीक्षक म्हणून त्या कामावर जगणारे लोक असावेत. लाईनी वेगळ्या राहतील, राहू देत, त्यांच्यात भिंत घालू नये. नियमाने फूट थांबत नाही हे जर्मन शेफर्डवरून दिसलंच, पण नियमाने फूट पक्की केली की दुरुस्तीची वाट मात्र बंद होते. बॉर्डर कॉलीसारखं काम रोजचं आणि जिवंत असेल तिथे कामवाल्यांनी स्वतःची वही सांभाळावी, खिडकी उघडी ठेवून.

आपल्यासाठी हा प्रश्न परदेशी जातींपुरता नाही. घाटावरचा कारवान, ज्याला मुधोळ हाउंड म्हणूनही ओळखतात, सध्या अगदी याच वळणावर उभा आहे. २००५ मध्ये तो टपाल तिकिटावर आला. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने मुधोळ हाउंडची जात म्हणून अलीकडे, २०२१ च्या सुमारास, नोंद केली. शोमध्ये त्याची गर्दी वाढते आहे. पण त्याचं मूळ काम, ससा-काळवीट धरणं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, आणि ते बंदच राहायला हवं. मग त्याच्या वेगाची, दमाची, नजरेची परीक्षा घेणार कोण? आज तरी उरली आहे ती फक्त रिंग. पन्नास वर्षांनी हा कुत्रा सोफ्यावर शोभणारा पण दोनशे मीटरमध्ये धापा टाकणारा झाला, तर त्यात आश्चर्य नसेल. बाहेरच्या देशांत अशा नजरबाज शिकारी कुत्र्यांसाठी यंत्राने ओढलेल्या चिंधीमागे धावायच्या शर्यती होतात, जनावर न मारता. सोलापूर-सांगलीच्या माळावर त्या सहज घेता येतील. कोकणात नाही: कारवान डोळ्याने शिकार हेरतो, आणि झाडीच्या, उताराच्या बागेत त्याला वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. बागेसाठी कारवान आणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

काकांसाठी शेवटी काय, तर बागेच्या राखणीला जातीपेक्षा आईबाप बघावेत. फोनवर फोटो मागण्याऐवजी आईचा व्हिडिओ मागा: अनोळखी माणूस फाटकातून आत येताना ती काय करते? भुंकून जागेवर ठाम राहते, की दात दाखवत मागे सरकते? मागे सरकणारीचं पिल्लू घेऊ नका, पेपर कितीही जाड असोत. जर्मन शेफर्ड किंवा लॅब असेल तर आईबापांच्या कमरेचे एक्स-रे दाखवा म्हणा. ‘ते कशाला, डॉक्टर बोलले ठीक आहे’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. लांब कोटाचा शेफर्ड पावसाळ्यात चार महिने ओला राहतो, कातडीला चट्टे पडतात आणि केसात गोचीड सापडता सापडत नाही, म्हणून आखूड कोट बरा. आणि बऱ्याच बागांना खरं तर वाडीतल्या एखाद्या धीट गावठी कुत्रीचं पिल्लूच पुरतं. तिची निवड आमच्या उन्हाने, गोचिडाने आणि बिबट्याने केलेली असते, ते पिल्लू फुकट मिळतं, आणि त्याला पेपरची गरज नसते. फक्त कुठलाही कुत्रा रात्री बागेत साखळीला बांधून ठेवू नका. बिबट्याला ते वाढलेलं ताट असतं. पिंजरा करायचा तर वरूनही जाळी मारा.